बंपर बदलला, पण गाडी बदलली का? रेसिंग गेममधल्या बॉडी किटचा हिशोब

नीड फॉर स्पीड हीटमध्ये गाडीला नवा बंपर, रुंद मडगार्ड आणि मागे भलीमोठी विंग चढवा. पुढच्या रेसमध्ये गाडी होती तशीच पळते. फोर्झा होरायझन ५ मध्ये तशीच विंग लावली तर वेगातल्या वळणावर गाडी रस्त्याला चिकटते आणि सरळ पट्ट्यात मात्र दम टाकते. ग्रान टुरिस्मो ७ मध्ये रुंद बॉडी बसवायला गेलात तर गेम आधीच बजावतो, हे काम परत फिरवता येणार नाही. भाग तेच, दिसायलाही सारखे. वागणूक मात्र तिन्हीकडे तीन तऱ्हेची.

कारण साधं आहे. गेममध्ये एका गाडीच्या आत दोन गाड्या असतात. एक पडद्यावर दिसते: हजारो छोट्या त्रिकोणांनी बनलेलं पोकळ कवच, त्यावर रंग, काच आणि चकाकी. दुसरी कधीच दिसत नाही. ती म्हणजे आकड्यांचा तक्ता. वजन किती, त्यातलं पुढच्या चाकांवर किती, टायर किती रुंद, इंजिनाचा टॉर्क कुठल्या आरपीएमला किती, हवा किती अडवते आणि किती दाबते. स्टिअरिंग फिरवलं की गेम दर सेकंदाला अनेकदा या तक्त्यावरून गणित करतो आणि उत्तर येईल तिथे कवच नेऊन ठेवतो. कवचावर विंग आहे की नाही हे गणिताला आपोआप कळत नाही. गेम बनवणाऱ्याने त्या विंगेला एखादा आकडा जोडला असेल तरच फरक पडतो. नसेल, तर ती विंग म्हणजे गाडीला घातलेला दागिना.

त्यामुळे कुठल्याही गेमच्या गॅरेजमध्ये क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे, खर्च करण्याआधी पाहायचं ते एवढंच: भागावर कर्सर नेल्यावर बाजूचे आकडे हलतात का? हलत असतील तर कुठले?

गॅरेजमधली भाषा

पुढे जाण्याआधी शब्दांची थोडी झाडलोट केलेली बरी, कारण आपल्याकडे मागच्या प्रत्येक फळीला सरसकट ‘स्पॉयलर’ म्हणतात. स्पॉयलर डिकीला चिकटून बसतो. छपरावरून घसरत येणारी हवा तो मोडतो आणि गाडीचा मागचा भाग उचलला जाणं कमी करतो. विंग म्हणजे दोन खांबांवर उभी असलेली, खालून-वरून मोकळी हवा मिळणारी पट्टी. ती उलट्या बसवलेल्या विमानाच्या पंखासारखी काम करते, म्हणजे गाडीला खाली दाबते. स्प्लिटर हा पुढच्या बंपरखाली जिभेसारखा बाहेर आलेला सपाट पत्रा. डिफ्यूझर मागच्या बंपरखाली, उभ्या पात्यांचा. तो गाडीखालची हवा पसरवत बाहेर सोडतो. कॅनार्ड म्हणजे पुढच्या बंपरच्या कोपऱ्यावरच्या छोट्या मिशा. साइड स्कर्ट दारांखाली.

बॉडी किट म्हणजे यातले बरेचसे भाग एकाच घडणीत, एकाच संचात. वाइडबॉडी त्याच्याही पुढची पायरी: मडगार्ड फुगवून चाकं बाहेर आणलेली. जपानमधल्या लिबर्टी वॉक आणि रॉकेट बनी या नावांनी ही धाटणी जगभर नेली आणि २०१६ च्या फोर्झा होरायझन ३ पासून ती फोर्झामध्ये दिसू लागली. खऱ्या गाडीवर असं किट बसवायचं तर मूळ मडगार्ड कापावं लागतं आणि वर फायबरचं नवं मडगार्ड बोल्टने आवळावं लागतं. ते उघडे बोल्ट हीच पुढे या किटची ओळख झाली.

भारतात रस्त्यावरच्या गाडीला असं करायला गेलात तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. उत्पादक कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. गेममध्ये आरटीओ नाही. तिथल्या आरटीओचं नाव पीआय किंवा पीपी. त्याकडे येऊच.

रूपाला गुण मिळायचे ते दिवस

डिसेंबर १९९७ च्या पहिल्या ग्रान टुरिस्मोमध्ये ‘रेसिंग मॉडिफिकेशन’ नावाची सोय होती. पैसे भरले की साधी घरगुती गाडी एका झटक्यात रेसच्या गाडीसारखी होऊन यायची, नव्या रंगासह आणि नव्या एरोसह, म्हणजे हवा वळवणाऱ्या भागांसह. निवड फारशी नव्हती. मिळेल ते घ्यायचं.

एकेक भाग निवडण्याचं खरं वेड लावलं ते २००३ च्या नीड फॉर स्पीड अंडरग्राउंडने आणि पुढच्याच वर्षीच्या अंडरग्राउंड २ ने. आपल्याकडच्या सायबर कॅफेमध्ये तासाच्या हिशोबाने खेळलेल्या पिढीला वेगळं सांगायला नको. अंडरग्राउंड २ मध्ये गाडीच्या सजावटीला तारांचं मानांकन होतं आणि मासिकांच्या, डीव्हीडीच्या मुखपृष्ठावर झळकायचं तर ते वाढवावंच लागे. म्हणून लोक नाइलाजाने छपरावर हवेचा झरोका आणि डिकीत स्पीकर कोंबायचे. त्या भागांनी वेग वाढत नव्हता, पण खेळ पुढे सरकत होता. म्हणजे दागिन्याचाही तक्ता होता, फक्त वेगळा.

त्याच मालिकेतल्या २००६ च्या कार्बनमध्ये ऑटोस्कल्प्ट आलं. बंपर, बॉनेट, रिम यांचे आकार स्लायडरने ओढून-ताणून बदलता येत. २००७ च्या प्रोस्ट्रीटने त्यालाच वाऱ्याचा बोगदा जोडला. बंपरचा आकार बदलला की हवेचे झोत कसे वळतात ते दिसायचं आणि गाडीच्या एरोवर परिणामही व्हायचा. दिसणारी गाडी आणि आकड्यांची गाडी यांना दोरीने बांधण्याचा तो धाडसी प्रयत्न होता. पुढे ही वाट फारशी कुणी धरली नाही, ही खेदाचीच गोष्ट.

हवा किती खाते, किती देते

ज्या गेममध्ये विंगेला आकडा असतो, तिथे सगळा खेळ वर्गाच्या नियमाचा आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा दाब आणि अडथळा दोन्ही चौपट होतात. एखादी विंग ताशी १०० किलोमीटरला ४० किलोचा दाब देत असेल, तर २०० ला ती १६० किलो देईल आणि ५० ला जेमतेम १०. गावातल्या गल्लीबोळासारख्या ट्रॅकवर विंग का उपयोगाची नाही, याचं उत्तर या एका ओळीत आहे. तिथे तुम्ही ५०-६० ने वळता, विंग झोपलेली असते. वजन मात्र तुम्ही वाहता.

आता दुसरी बाजू, अडथळ्याची. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. साधारण आकाराची कूपे, म्हणजे दोन दारांची गाडी घ्या. तिचा अडथळ्याचा गुणांक ०.३२ आणि समोरून दिसणारं क्षेत्रफळ २ चौरस मीटर. ताशी १०० ला हवा कापायला तिला सुमारे ११ हॉर्सपॉवर लागतात आणि २०० ला सुमारे ९१. तिच्यावर विंग आणि रुंद मडगार्ड चढवून गुणांक ०.३८ आणि क्षेत्रफळ २.०५ झालं असं धरा. १०० ला फरक अडीच-तीन हॉर्सपॉवरचा, म्हणजे जाणवणारही नाही. २०० ला तो २० वर जातो. २५० ला जुनी गाडी सुमारे १७९ खाते आणि नवी सुमारे २१७. ३८ हॉर्सपॉवर नुसती हवेत गेली.

म्हणून ‘विंग चांगली की वाईट’ हा प्रश्नच अर्धवट आहे. ट्रॅकवर १२० ते १८० दरम्यानची लांब वळणं किती आणि २०० च्या वरचे सरळ पट्टे किती, हे मोजल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

तिसरी गोष्ट समतोलाची, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. मागे मोठी विंग लावली, पुढे काही नाही. मग वेगात मागची चाकं घट्ट दाबली जातात, पुढची तुलनेने हलकी राहतात. स्टिअरिंग वळवलं तरी गाडी नाक वळवत नाही, सरळ बाहेर जाते. हे अंडरस्टिअर. उलट, पुढे फक्त स्प्लिटर आणि मागे काहीच नाही, तर वेगात मागचा भाग सुटतो आणि गाडी गरकन फिरते. पुढचा-मागचा एरो जोडीने बसवायचा, हा नियम फार थोड्या गाड्या मोडू देतात. मूळचीच शेपूट उडवणारी मागच्या चाकांची गाडी असेल तर नुसती मागची विंग तिला शहाणं करू शकते, तेवढा अपवाद.

दोष एरोचा आहे की दुसऱ्या कशाचा, हे ओळखायची सोपी रीत आहे. ट्रॅकवरची दोन वळणं निवडा, एक ६०-७० ने घ्यावं लागणारं आणि एक १५० च्या वर. गाडी फक्त वेगवान वळणात बाहेर जात असेल तर एरोचा समतोल बिघडलाय. पुढचा दाब वाढवा किंवा मागचा कमी करा. दोन्ही वळणांत जात असेल तर विंगेला दोष देऊ नका. टायर, अँटीरोल बार किंवा डिफरन्शियल पाहा. विंगेचा स्लायडर हलवत बसलात तर रात्र संपेल, दोष तिथेच राहील.

फोर्झा होरायझन ५: कुठल्या क्रमाने

फोर्झामधला आरटीओ म्हणजे पीआय, परफॉर्मन्स इंडेक्स: गाडी किती दमदार हे सांगणारा एकच आकडा. डी वर्ग ५०० पर्यंत, सी ६००, बी ७००, ए ८००, एस १ म्हणजे ९००, एस २ म्हणजे ९९८ आणि त्यावर ९९९ चा एक्स. ए वर्गाच्या रेसमध्ये ८०१ ची गाडी चालत नाही. त्यामुळे प्रत्येक भाग या ८०० च्या बजेटमधून विकत घ्यायचा असतो. क्रेडिट ही दुय्यम गोष्ट.

सुरुवात ‘कन्व्हर्जन’ या विभागापासून करा. इंजिन बदलणं, ड्राइव्ह (ताकद कुठल्या चाकांना जाते ते) बदलणं आणि बॉडी किट या तिन्ही गोष्टी तिथेच आहेत. हे आधी का? इंजिन बदललं की जुन्या इंजिनाला लावलेले भाग निरुपयोगी होतात. बॉडी किट बसवलं की त्या किटला न जुळणारे बंपर, स्कर्ट यादीतून गायब होतात. आधी हौसेने बंपर घेऊन मग वाइडबॉडी घेणाऱ्याचा बंपर वाया जातो. शिवाय रुंद किटमुळे काही गाड्यांना जास्त रुंद टायर आणि चाकांमधलं जास्त अंतर मिळतं. म्हणजे किट दागिना म्हणून आलं तरी त्याच्या मागून खरे आकडे आत येतात.

मग टायर, म्हणजे आधी रबराचा प्रकार आणि नंतर रुंदी. मग वजन कमी करणं. यानंतर एरो, आणि उरलेला पीआय इंजिनाने भरायचा. नवखे लोक हे उलट करतात. आधी टर्बो, कॅमशाफ्ट, सगळं ओततात, पीआय ७९५ ला पोचतो आणि टायरला जागाच उरत नाही. मग सरळ पट्ट्यात पुढे आणि पहिल्या वळणात झुडपात.

‘एरो अँड अपिअरन्स’मध्ये गेल्यावर डोळे उघडे ठेवा. तिथे दोन जातीचे भाग शेजारी-शेजारी असतात. नामांकित कंपन्यांचे बंपर आणि विंग दिसायला देखणे, पण त्यांचा दाब ट्यूनिंगमध्ये कमी-जास्त करता येत नाही. ‘फोर्झा’ नावाचा रेस बंपर आणि रेस विंग मात्र बदलता येतात. ‘विंग लावली पण ट्यूनिंगमध्ये स्लायडर बंदच आहे’ ही तक्रार इथूनच येते. चुकीच्या जातीची विंग घेतलेली असते. फोर्झाची स्वतःची विंग बहुतेक गाड्यांवर परक्याची टोपी घातल्यासारखी दिसते, हे मान्य. पण ५०० च्या वर गाड्या असलेल्या गेममध्ये प्रत्येकीसाठी वेगळी, बदलता येणारी विंग घडवणं परवडत नाही, म्हणून सगळ्यांना एकच साचा.

विंग घेण्याआधी पीआयचा आकडा पाहा. तो वाढेलच असं नाही. विंगेने पकड वाढते पण कमाल वेग घटतो, त्यामुळे एखाद्या गाडीवर आकडा चढतो, दुसरीवर फारसा हलत नाही आणि कधी खालीही येतो. खाली आला तर तो मोकळा झालेला पीआय इंजिनात घाला.

विंग बसली की पहिल्यांदा पुढचा-मागचा दोन्ही स्लायडर मधोमध ठेवून दोन फेऱ्या मारा. नंतर वर सांगितलेली दोन वळणांची चाचणी. सरळ पट्ट्याच्या शेवटी गाडी शेवटच्या गिअरमध्ये लाल रेषेजवळ पोचतच नसेल, तर हवेने ताकद खाल्ली आहे. एकतर दाब कमी करा, नाहीतर फायनल ड्राइव्ह, म्हणजे सगळ्या गिअरचं एकत्र प्रमाण, थोडा ‘अॅक्सलरेशन’च्या बाजूला सरकवा, म्हणजे उंच गिअर निदान कामाला तरी येईल.

शेवटी आकडा ८०१ वर अडकला तर रिम बदलून पाहा. रिमच्या वजनात फरक असतो आणि एखादा पॉइंट तेवढ्यावर सुटतो. टायरची रुंदी एक पायरी कमी करणं हा दुसरा मार्ग.

दुसऱ्याने बनवलेलं ट्यूनिंग डाउनलोड करताना एक धोका असतो. फोर्झामध्ये ट्यूनिंग म्हणजे फक्त स्लायडर नव्हेत, त्यात भागही येतात. ते लावलं की तुमचं आवडतं किट निघून त्या माणसाची विंग चढू शकते. रंगकाम मात्र वेगळ्या फाइलमध्ये राहतं. मग नव्या बंपरवर जुनं स्टिकर अर्धवट लटकलेलं दिसतं.

ग्रान टुरिस्मो ७: विचार करून बटण दाबा

मार्च २०२२ मध्ये आलेल्या ग्रान टुरिस्मो ७ मध्ये हे काम जीटी ऑटो नावाच्या दुकानात होतं. इथला आरटीओ म्हणजे पीपी, परफॉर्मन्स पॉइंट्स. पुढचे, बाजूचे, मागचे एरो भाग ‘ए’, ‘बी’ अशा नावांनी येतात. मागे कस्टम विंग घेतली तर पात्याचा प्रकार, उंची, रुंदी, कडेच्या पट्ट्या वेगवेगळ्या निवडता येतात. दिसण्याच्या बाबतीत ही सोय फोर्झापेक्षा कितीतरी सरस आहे.

वाइडबॉडीबाबत मात्र घाई नको. ती सगळ्या गाड्यांना मिळत नाही आणि जिला मिळते तिला बसवली की मूळ रूप गेलं. मडगार्ड रुंद होतात आणि रुंद रिम व बाहेर काढलेलं ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) निवडता येतं. गाडी दिमाखदार दिसते. पण त्या मॉडेलची मूळ अवस्था तुम्हाला फोटोसाठी किंवा साध्या गाड्यांच्या रेससाठी लागणार असेल, तर आधी तीच गाडी दुसऱ्यांदा विकत घ्या आणि मग एकीवर प्रयोग करा. भेट म्हणून मिळालेली, सहज विकत न मिळणारी गाडी असेल तर हात आखडता ठेवा.

पीपी थोडा जास्त झाला तर इंजिनाची ताकद कमी करणारा पॉवर रिस्ट्रिक्टर आणि बॅलास्ट, म्हणजे गाडीत मुद्दाम घातलेलं वजन, ही दोन हत्यारं आहेत. बॅलास्ट पुढे-मागे सरकवताही येतो. मागे मोठी विंग लावून नाक हलकं झालेल्या गाडीला त्याने समतोल देता येतो, पण हे ठिगळ आहे, इलाज नव्हे. रिस्ट्रिक्टर आधी वापरून पाहा.

गाडी रस्त्याला घासेल इतकी खाली बसवण्याचा मोह दोन्ही गेममध्ये महागात पडतो. स्प्रिंगला दबायला जागाच राहिली नाही की ट्रॅकच्या कडेच्या लाल-पांढऱ्या कर्बवर गाडी आपटते, चाक क्षणभर हवेत जातं आणि त्याच क्षणी तुम्ही ब्रेक दाबलेला असतो. सगळ्यात खालच्या खुणेपासून थोडी वर घ्या.

जिथे सगळा दागिनाच आहे

नीड फॉर स्पीडच्या २०१९ ची हीट आणि डिसेंबर २०२२ ची अनबाउंड यांत बंपर, किट, विंग यांचा वेगाशी संबंध नाही. गाडी पळते ती इंजिन, टायर, सस्पेन्शन या भागांवर. त्यामुळे इथे मनसोक्त करा. अनबाउंडमध्ये तर बंपर काढून टाकून गाडी उघडीही फिरवता येते. निवड एवढी दांडगी का, याचं उत्तर गाड्यांच्या संख्येत आहे: हीटमध्ये सव्वाशेच्या आसपास, अनबाउंड आली तेव्हा १४० च्या पुढे. गाड्या कमी, म्हणून प्रत्येकीसाठी भाग घडवायला वेळ जास्त. आणि एखाद्या महागड्या गाडीला भागच नसतील तर दोष नेहमी आळसाचा नसतो. गाडी गेममध्ये आणायला कंपनीचा परवाना लागतो आणि आपल्या गाडीचं रूप किती बिघडवू द्यायचं हे कंपनी त्या करारात ठरवते.

परवान्याची उलटी बाजूही आहे. टाटा मोटर्सने २०१७ मध्ये जिनिव्हात दाखवलेली टॅमो रेसमो ही छोटी स्पोर्ट्स कार फोर्झा होरायझन ३ मध्ये अधिकृतपणे आली होती. रस्त्यावर ती कधी विकली गेली नाही, गेममध्ये मात्र चालवता आली.

मोबाइलवर खेळणाऱ्यांसाठी कारएक्स स्ट्रीट बघण्यासारखा आहे. बंपर, आरसे, दिवे, स्कर्ट, रिम सुटे बदलता येतात आणि इंजिनही बदलता येतं. फोन जुना असेल तर आधी ग्राफिक्स खाली आणा, मग किटच्या मागे लागा.

फाइली उघडून पाहायच्या तर

दिसणारी गाडी आणि आकड्यांची गाडी वेगळ्या कशा, हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर पीसीवरची असेटो कोर्सा सगळ्यात चांगली शाळा. इटलीच्या कुनोस सिम्युलात्सिओनीने २०१४ मध्ये पूर्ण केलेला हा गेम आजही मॉडवर, म्हणजे खेळणाऱ्यांनी बनवलेल्या बदलांवर, जगतो. प्रत्येक गाडीच्या फोल्डरमध्ये ‘केएन५’ प्रकारची फाइल असते, ती म्हणजे कवच. शेजारी ‘डेटा’ असतो, तो म्हणजे तक्ता. त्यातल्या ‘एरो’ नावाच्या फाइलमध्ये प्रत्येक पंखाची नोंद सापडते: रुंदी, लांबी, गाडीवरची जागा, कोन, दाब आणि अडथळ्याचे गुणक. कुणी नुसती केएन५ बदलून ‘वाइडबॉडी मॉड’ म्हणून दिलं असेल तर एरो फाइल जुनीच आहे आणि गाडी अगदी मूळच्यासारखीच वागेल. मॉड घेताना डेटा बदललाय का हे पाहायचं ते यासाठी.

आणि तुम्ही स्वतः डेटा बदलला तर ऑनलाइन सर्व्हर तुमची फाइल आणि त्याची फाइल ताडून पाहतो. जुळली नाही की बाहेर. म्हणून मूळ गाडीला हात लावू नका. फोल्डरची प्रत करा, तिला नवं नाव द्या, प्रयोग तिथे करा. फक्त रंग बदलायचा असेल तर ‘स्किन्स’ फोल्डर पुरेसा आहे. तिथल्या बदलाने ही कटकट होत नाही.

कपडे सगळ्यात शेवटी

स्टिकर, रंग, लिव्हरी (गाडीवरची संपूर्ण रंगसजावट) हे काम किट पक्कं झाल्याशिवाय हाती घेऊ नका. प्रत्येक पत्र्याला स्वतःचा एक सपाट नकाशा असतो, जणू फुगा कापून टेबलावर पसरलाय. स्टिकर त्या नकाशावर चिकटतं. मडगार्ड बदललं की नकाशा बदलतो आणि दारापासून मडगार्डपर्यंत गेलेली रेघ मध्येच तुटते, नाहीतर फुगवट्यावर ताणली जाते. मूळ गाडीवर बनवलेली लिव्हरी वाइडबॉडीवर लावली की तिचे आकडे आणि अक्षरं तिरकी दिसतात, ते याच कारणाने.

देवनागरी अक्षरं लिहायची असतील तर दोन्ही मोठ्या गेममध्ये वाट वेगळी. ग्रान टुरिस्मोमध्ये एसव्हीजी प्रकारचं चित्र वेबसाइटवरून चढवता येतं, पण फाइल १५ किलोबाइटपेक्षा मोठी चालत नाही. इंकस्केपसारख्या मोफत प्रोग्राममध्ये शब्द टाइप करा आणि मग त्याचं ‘पाथ’मध्ये रूपांतर करा. हे विसरलात तर गेमकडे तुमचा फाँट नसतो आणि अक्षरं येतच नाहीत. सुलेखनाच्या, ब्रशसारख्या कडा असलेल्या फाँटमध्ये बिंदू शेकड्यांनी असतात, त्याने मर्यादा ओलांडली जाते. साध्या, गुळगुळीत फाँटपासून सुरुवात करा, ‘सिम्प्लिफाय’ने बिंदू कमी करा. जोडाक्षरं आणि वेलांट्या सुट्या झाल्या नाहीत ना, हे चढवण्याआधी मोठं करून तपासा.

फोर्झामध्ये बाहेरचं चित्र आणता येत नाही. तिथे चौकोन, वर्तुळ, कमानी यांचे थर रचून अक्षर बांधावं लागतं. देवनागरीला ते जमतं, कारण दंड आणि शिरोरेघ म्हणजे नुसते दोन चौकोन. ‘ग’ला दंड आणि एक वाकडा आकार पुरतो. ‘ळ’ला दोन गोल आणि त्यांच्या आतून पत्र्याच्याच रंगाचे दोन छोटे गोल. सगळी अक्षरं बनल्यावर ती गटात बांधून जपून ठेवा, म्हणजे पुढच्या गाडीवर पुन्हा मेहनत नको. शिरोरेघ मात्र अक्षरागणिक वेगळी न ठेवता संपूर्ण शब्दासाठी एकच लांब पट्टी करा. थोडी जरी खालीवर झाली तरी लांबून पायरी दिसते. आणि शब्द दारावरून पुढे मडगार्डकडे जात असेल तर दाराच्या फटीशी आलेली रेघ तिथेच थांबवून पलीकडे नव्याने सुरू करा. रुंद मडगार्डच्या फुगवट्यावरून ओढलेली सरळ रेघ बाजूने पाहिली की वाकलेलीच दिसते.